तिगावची दौड आणि एक राहिलेली भेट

इटारसीहून नागपूरकडे जाणारी गाडी मुलताईचा मुलूख ओलांडून घाट उतरू लागली की पांढुर्ण्याच्या अलीकडे तिगावचे लहानसे स्टेशन लागते. तिगाव हे माझे आजोळ. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. कागदावर हा मुलूख मध्यप्रदेशात असला तरी तिकडच्या ओसरीवर आणि संत्र्यांच्या बागांतून अजून वऱ्हाडी वळणाची मराठीच ऐकू येते. गेल्या हिवाळ्यात मामांकडे गेलो तेव्हा गावच्या तरुणांनी एक दौड ठरविली होती. सर्व धर्मांच्या लोकांनी पहाटे एकत्र धावायचे, प्रत्येकाने शंभर रुपये द्यायचे आणि जमेल त्या रकमेतून गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना हातभार लावायचा, असा बेत होता.

थोरल्या मामेभावाने मला विचारले, "काहून जी, पयता का आमच्यासंगं?" चाळिशी ओलांडलेल्या, जन्मभर मांडी घालून पेटी वाजविणाऱ्या संगीतशिक्षकाला हा प्रश्न विचारणे म्हणजे थट्टाच होती. तरी मी गेलो. पाव मैल धावलो, पुढे चाललो, आणि सर्वांच्या मागे राहिलो.

इंदुरास परतल्यावर ही हकीकत सांगताच एक स्नेही म्हणाले, "पळून का कोठे शांतता येते? दंगल उसळते तेव्हा हे धावणारे कोठे असतात?" आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. घटकाभर धावून, छायाचित्र काढून घरोघर पांगणे एवढाच जर या दौडीचा अर्थ असेल, तर ती व्यायामाच्या वहीत लिहावी.

पण एकत्र चालण्याचे मोल मोठ्या माणसांनी जाणले होते, हेही विसरून चालणार नाही. पंजाब धुमसत असताना, २४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे साने गुरुजींच्या जन्मदिनी, बाबा आमटे शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते. बाबांचे वय सत्तरीपलीकडचे, आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना धड बसताही येत नसे. ते गाडीत आडवे पडून प्रवास करीत. पुढे १९८८ साली त्यांनी अरुणाचलापासून गुजराथेपर्यंत तशीच यात्रा काढली. या यात्रांनी देशातले सारे वैर मिटले असे कोणी म्हणणार नाही. परंतु निरनिराळ्या प्रांतांची ती मुले महिनोनमहिने एका पंक्तीला जेवली, एकमेकांच्या सायकली ढकलीत चढ चढली. ज्याच्या सायकलीला आपण मागून हात लावला, तो मनुष्य पुढे आपल्याला सर्वस्वी परका राहत नाही.

तिगावच्या परिसराला तर ही गोष्ट नवी नाही. सौसरहून नागपूरच्या वाटेवर सावनेरजवळ वाकी हे गाव आहे. ताजुद्दीन बाबांनी तेथे मुक्काम केला तो काशिनाथराव पाटलांच्या आश्रयाने. त्याआधी बाबांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले होते. तेथून १९०८ साली त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने नेले ते राजे रघुजीराव भोसले यांनी. बाबा १९२५ साली निवर्तले, तरी हिंदू आणि मुसलमान दोघेही वाकीला आणि नागपूरच्या ताजाबादेला आजवर जात आहेत.

याच मुलखात पांढुर्ण्याची गोटमारही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि त्याच्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांचे लोक परस्परांवर दगड फेकतात. माणसे जखमी होतात. कित्येकांचे जीवही गेले आहेत. या प्रथेचे समर्थन मी करणार नाही. पण मामांनी लहानपणी सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली आहे. ते म्हणत, या दोन काठांत सोयरिकी आहेत. आज दगड मारणारा उद्या त्याच घरी जेवायला जातो. त्यांच्यात जाणे-येणे आहे, म्हणून दगडाची जखमही भरते. जेथे जाणे-येणेच खुंटले, तेथे एकही दगड न पडता अंतर वाढत जाते.

हे मला त्या पहाटे उमगले, आणि तेही लाजिरवाणेपणाने. मी मागे पडलेला पाहून गावातला एक मुसलमान तरुण माझ्यासाठी थांबला व सोबतीने चालू लागला. त्याचा सायकली दुरुस्त करण्याचा धंदा होता. मी इंदूरचा, गाण्यातला, हे कळल्यावर तो म्हणाला, "मंग आमच्यातले गवई तुमच्या वळखीचे असतीन." मी मोठ्या अभिमानाने सांगितले की, माझ्या वडिलांचे उस्ताद मुसलमानच होते. त्यावर तो सहज बोलून गेला, "मंग त्याईच्या घरी जानं-येनं असनच."

मी गप्प राहिलो. तो समजला असावा, की मला धाप लागली आहे.

माझे वडील होळकर दरबाराच्या अगदी अखेरच्या काळात, मिसरूड फुटण्याच्या वयात, आपल्या उस्तादांच्या मागे तंबोऱ्यावर बसत. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. मी जन्मलो तो त्यांच्या उतारवयात. पण दरबार गेला तरी उस्तादांचे घर राहिले होते. ईदला वडील तिकडे जात, दिवाळीला तिकडची माणसे आमच्याकडे येत. उस्ताद वारल्यावरही वडिलांनी हा परिपाठ मोडला नाही. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. त्याच सुमारास शहरात काही दिवस तंग वातावरण होते. त्या वर्षी ईदला जावे की न जावे, लोक काय म्हणतील, अशा घोळात मी गेलो नाही. पुढल्या वर्षी, 'गेल्या वर्षी का आला नाहीत?' या प्रश्नाच्या भीतीने गेलो नाही. मग न जाण्याचीच सवय झाली. भांडण नव्हते, द्वेष नव्हता. होता तो निव्वळ भेकडपणा आणि आळस.

आणि मी शिकवितो काय? आपल्या मराठी माणसांच्या ख्यालगायनाचा उगम ज्या घरांत आहे, त्यांचीच विद्या. ग्वाल्हेरच्या हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशींना दिली, त्यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. या थोरांनी सलोख्याची पाटी कधी हाती धरली नाही. त्यांनी वर्षानुवर्षे गुरूच्या दारी पायताण काढले, त्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याचे आजारपण काढले. इंदुरात होळकरांच्या काळापासूनच्या ताजियाला अजून 'सरकारी ताजिया' म्हणतात, तेही अशाच जुन्या घरोब्याचे नाव आहे.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मी उस्तादांच्या घरी गेलो. दार त्यांच्या नातवाने उघडले. त्याने मला ओळखले नाही. आतून त्याच्या वृद्ध आईने मात्र आवाज ओळखला. "बहोत देर लगाई, बेटा," एवढेच ती माउली म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला उठली. कोपऱ्यात उस्तादांचा तंबोरा खोळीत होता, तारा उतरविलेल्या. मी त्या चढविल्या. नातू जवळ येऊन बसला. आता तो आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो. त्याच्याच आजोबांची विद्या त्याला परत देताना मला संकोच वाटतो, पण थांबावेसे वाटत नाही.

म्हणून त्या स्नेह्यांना माझे उत्तर असे : दौड निघू द्यावी. ती निघाली नसती तर त्या सायकलवाल्याचा प्रश्न माझ्या कानी आला नसता, आणि मोतीबिंदूचे पैसेही जमले नसते. परंतु आपणा जुन्या घराण्यांकडे दौडीहून सोपे एक काम आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळचा असा एखादा उंबरठा प्रत्येक घराला ठाऊक असतो. उस्तादाचा, वैद्य-हकिमाचा, शिंप्याचा, शेजाऱ्याचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारून घ्यावे, आणि या वर्षीच्या सणाला तिकडे जाऊन यावे. 'इतकी वर्षे का आला नाहीत?' असे कोणी विचारलेच, तर खरे काय ते सांगावे.