पेन वाजला म्हणजे हिरा 'अस्सल'? रत्नपरीक्षण लॅब नेमकं काय करतात

गेल्या महिन्यात आमच्या उलव्यातल्या सोसायटीत राहणाऱ्या एक वहिनी अंगठीची डबी घेऊन घरी आल्या. "दादा, तुम्ही टेक्नॉलॉजीवर लिहिता ना, मग हे जरा बघा." दोन वर्षांपूर्वी घेतलेली, अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची अंगठी. ती मोडून मुलीला कानातलं करायचं होतं. दुकानात सोन्याचं वजन धरलं, पण हिऱ्याचे काहीच मिळेनात. "म्हणजे खोटा आहे का?" असं विचारल्यावर दुकानदाराने ड्रॉवरमधून पेनासारखं यंत्र काढून हिऱ्याला टेकवलं. यंत्र वाजलं. "बघा ताई, एकदम अस्सल!"

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हिरा अस्सल होता आणि परत विकायला गेलं तर त्याला किंमत नव्हती. डबीत घडी घालून ठेवलेल्या रिपोर्टवर चक्क वरच 'लॅबोरेटरी-ग्रोन डायमंड' असं छापलेलं होतं. विकताना ते कोणी तोंडाने सांगितलं नाही आणि घरात कोणी वाचलं नाही. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानापुरता नाही.

आधी पेनाचं बघू. ते यंत्र उष्णता मोजतं. हिरा तांब्यापेक्षाही कितीतरी पटीने जास्त वेगाने उष्णता वाहून नेतो, काच किंवा अमेरिकन डायमंड तसं करत नाही. म्हणून पेन हिरा आणि काच यात फरक करू शकतो. (मॉयसनाइट नावाचा खडा या साध्या पेनालाही फसवतो, म्हणून नव्या यंत्रांत विजेची चाचणीही असते.) पण लॅबमध्ये वाढवलेला हिरासुद्धा कार्बनचाच असतो. अणूंची रचना, कठीणपणा, चमक, सगळं तेच. त्यामुळे पेन वाजणारच.

मग फरक कळतो कशाने? इथे लॅबचं संशोधन कामाला येतं. नैसर्गिक हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो आणि कोट्यवधी वर्षं तिथे भाजत पडलेला असतो. त्यात शिरलेले नायट्रोजनचे अणू या काळात सरकत सरकत एकमेकांजवळ येतात आणि त्यांचे पुंजके बनतात. सुमारे ९८ टक्के नैसर्गिक हिऱ्यांत असे पुंजके सापडतात. कारखान्यात हिरा काही आठवड्यांत तयार होतो, नायट्रोजनला पुंजके करायला सवड कुठे? म्हणून लॅब हिऱ्यातून अतिनील प्रकाश सोडते आणि किती शोषला जातो ते बघते. पुंजके दिसले, तर हिरा नैसर्गिक.

नाही दिसले तर लगेच 'लॅबचा' असं म्हणता येत नाही, कारण उरलेल्या दोनेक टक्के नैसर्गिक हिऱ्यांतही नायट्रोजन जवळपास नसतोच. कलिनन हा जगप्रसिद्ध हिरा याच प्रकारातला. उत्तम प्रतीच्या अशा हिऱ्यांना बाजारात आजही 'गोवळकोंडा' म्हणतात. म्हणजे सगळ्यात मौल्यवान हिरेच पहिल्या चाचणीत संशयित ठरतात!

त्यांची पुढची तपासणी जास्त महागाची. डी बीअर्सने १९९०च्या दशकात 'डायमंडव्ह्यू' नावाचं यंत्र बनवलं. तीव्र अतिनील प्रकाशात हिरा चमकतो आणि तो कसा वाढला याचा नकाशाच दिसतो. प्रचंड दाबाखाली वाढवलेल्या हिऱ्यात क्रॉससारखी आकृती, तर वायूपासून थरावर थर चढवलेल्या, म्हणजे सीव्हीडी हिऱ्यात बारीक रेघा. आणखी खात्री हवी असेल तर हिरा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्यावर लेझर सोडतात. सीव्हीडी हिऱ्यात यंत्राच्या काचेतून वगैरे आलेलं सिलिकॉन अगदी नाममात्र असतं, पण ७३७ नॅनोमीटरवर ते स्वतःची खूण दाखवतं.

ही पद्धत एकदा शोधली आणि काम संपलं असं होत नाही. नैसर्गिक हिऱ्यावर सीव्हीडीचा थर चढवलेले खडे लॅबना सापडले आहेत. दुसऱ्याच्या खऱ्या रिपोर्टचा नंबर लेझरने कोरलेले लॅब-ग्रोन हिरेही सापडले आहेत. म्हणजे वेबसाइटवर नंबर टाकून 'जुळला' असं म्हणणंही पुरेसं नाही. २०१२ मध्ये अँटवर्पच्या आयजीआय लॅबमध्ये नैसर्गिक म्हणून आलेल्या मालात शेकडो सीव्हीडी खडे निघाले, तेव्हा मुंबई-सुरतच्या बाजाराचे डोळे उघडले. तेव्हापासून बारीक खड्यांची पाकिटंच्या पाकिटं तपासणारी यंत्रं आली.

यंत्र घेतलं तरी ते वाचणारा माणूस लागतो, म्हणून या क्षेत्रात शाळा आणि लॅब एकाच घरात नांदतात. जीआयए ही अमेरिकन संस्था १९३१ साली निघाली ती सराफांना शिकवण्यासाठी. 'डी' ते 'झेड' ही रंगाची पट्टी आली १९५३ मध्ये आणि पहिले हिऱ्याचे रिपोर्ट १९५५ मध्ये. पट्टी 'डी'पासून का? कारण तेव्हा प्रत्येक दुकानदार आपापल्या मालाला 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए' म्हणत सुटला होता, त्या गोंधळात आणखी भर नको म्हणून. आपल्याकडे रत्न-दागिने निर्यात परिषदेने १९७१ मध्ये मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया काढली. तिथेही वर्ग आणि तपासणी दोन्ही चालतं. सरकारनेही २०२३च्या बजेटमध्ये लॅब-ग्रोन हिऱ्यांच्या संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांत सुमारे २४३ कोटी रुपये द्यायचं ठरवलं.

मग गडबड कुठे आहे?

हे सगळं ज्ञान व्यापाऱ्याच्या बाजूला साचतं. बामणडोंगरीहून लोकल पकडून, हार्बर लाइनवर गाडी बदलून, कुर्ल्याला उतरून बीकेसीला जाणारा हिऱ्याच्या ऑफिसातला माणूस हे शिकतो. पण त्याच स्टेशनच्या आसपासच्या दुकानातल्या काउंटरवर जो मुलगा उभा असतो त्याच्या हातात फक्त पेन असतो.

सोन्याशी तुलना करून बघा. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो सक्तीचा झाला आणि बीआयएस केअर ॲपमध्ये कोणीही तपासू शकतं. आगरी-कोळी घरांत, जिथे सोनं किलोच्या हिशेबात बोललं जातं, तिथल्या आजींनाही आता हे माहीत आहे. हिऱ्यासाठी अशी सक्तीची सरकारी खूण नाही. आहे तो खासगी लॅबचा रिपोर्ट, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा विकणाराच भरतो. लॅब खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण रिपोर्टची भाषा विकणाऱ्याच्या सोयीची होत जाते, हे मात्र खरं.

याचंच ताजं उदाहरण. २०२० मध्ये जीआयएने लॅब-ग्रोन हिऱ्यांनाही नैसर्गिक हिऱ्यांसारखे रंग-शुद्धतेचे पूर्ण ग्रेड द्यायचं जाहीर केलं. पाच वर्षांत, ऑक्टोबर २०२५ पासून ते बंद केलं. आता फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड', आणि त्याहून खालच्याला काहीच नाही. कारण असं दिलं की बाजारात येणारे ९५ टक्क्यांहून जास्त लॅब-ग्रोन हिरे रंग-शुद्धतेच्या अगदी छोट्या पट्ट्यात बसतात. आयजीआयने मात्र जुनेच ग्रेड चालू ठेवले. ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेअर बाजारात आली आणि तिच्या धंद्यात लॅब-ग्रोनचा वाटा मोठा आहे.

माझं मत विचाराल तर जीआयएचं पाऊल उशिराचं पण योग्य. वहिनींच्या रिपोर्टवर 'डी, व्हीव्हीएस' असं ठसठशीत लिहिलं होतं. ती अक्षरं दुर्मीळपणा मोजण्यासाठी बनली. खाणीतून 'डी' रंगाचा हिरा क्वचित निघतो, म्हणून त्याला भाव. कारखान्यात तो पाहिजे तेवढा काढता येतो. मग तीच अक्षरं वाचून गिऱ्हाइकाने काय समजायचं? दिसायला अंगठी सुंदर आहे, टिकेलही पिढ्यान्‌पिढ्या. हौस म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त ती 'अडीअडचणीला मोडता येईल' म्हणून घेतली होती, तिथे घात झाला.

हे सगळं सांगून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग आईच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, लग्नातल्या, १९६२ सालच्या. त्या पण न्यायला लागतील का लॅबला?"

दागिन्यात बसेल असा पहिला कृत्रिम हिरा जनरल इलेक्ट्रिकने जाहीर केला १९७० मध्ये. म्हणजे त्या कुड्यांत लॅब-ग्रोन असणं शक्यच नाही, आणि मॉयसनाइटही तेव्हा बाजारात नव्हता. तिथे दुकानातला पेनसुद्धा बरोबर उत्तर देईल.

"मधे कधी खडा पडला होता का? बदलून घेतला होता?" मी विचारलं.

वहिनी जरा थांबल्या. "डाव्या कुडीचा. दोन वर्षांपूर्वी."

डावी कुडी आणि अंगठी घेऊन येत्या शनिवारी आम्ही बीकेसीला चाललोय.