वाडा रिकामा झाला, की म्हातारा होतो

बालदोस्तांनो, आज आपण जाऊ या चऱ्होलीला. पुण्याहून आळंदीला निघालात, की आळंदीच्या थोडं अलीकडे, इंद्रायणीच्या काठी हे गाव लागतं. खरं तर चऱ्होली दोन आहेत बरं का! नदीच्या एका काठाला चऱ्होली बुद्रुक, दुसऱ्या काठाला चऱ्होली खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले.

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. शेतं होती तिथं आता उंच उंच इमारती उभ्या राहताहेत. पण टेकडीवरचं वाघेश्वराचं दगडी देऊळ मात्र आहे तिथंच आहे. आता मला एक सांगा. अशा जुन्या गावांत देऊळ टिकतं, मग त्याच्या शेजारचा वाडा का पडतो? देवळाला देव राखतो, असं म्हणाल. पण थांबा, उत्तर याहून सोपं आहे.

देवळात रोज कुणी तरी जातं. कुणी झाडतं, कुणी दिवा लावतं. दगड हलला, तर दुसऱ्या दिवशी गावाला कळतं. वाड्यातली माणसं मात्र नोकरीसाठी बाहेर जातात आणि दाराला कुलूप लागतं. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांचं जोतं दगडी, पण वरच्या भिंती बहुधा मातीच्या किंवा विटांच्या असतात. त्यांना सगळ्यात मोठी भीती पाण्याची. घरात माणसं असली, की पावसाळ्याच्या तोंडाला कौलं शाकारली जातात. फुटलेलं कौल काढून दुसरं बसवायला असा कितीसा वेळ लागतो? पण कुलूपबंद घरात एक कौल सरकलं, तरी तिथून पाणी भिंतीत मुरतं. भिंत फुगते, तुळईचं टोक कुजतं आणि चार-पाच पावसाळ्यांत छपरच खाली बसतं. म्हणजे वाडा वयानं मरत नाही, तो रिकामेपणानं मरतो!

मग त्याला वाचवायचं कसं? त्याला काम द्यायचं. नुसतं 'ऐतिहासिक वास्तू' असं लिहून पाटी लावली, म्हणून कौलं शाकारली जात नाहीत.

पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावानं तो १८०७ साली पुरा केला. पेशवाई संपली, पेशवे गेले. वाडा ओस पडायचा. पण १८२१ साली तिथं संस्कृत पाठशाळा भरू लागली. तीच पुढं वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली. १८७९ साली मोठी आग लागून वाड्याचा काही भाग जळाला, तेव्हा तो पुन्हा बांधून काढला. नंतरच्या काळात तिथं सरकारी कचेऱ्या आल्या, नगरपालिका आली, टपाल कार्यालयही आलं. एकाच घरानं किती नोकऱ्या केल्या बघा! आणि म्हणूनच दोनशे वर्षांनंतरही त्याचे कोरीव लाकडी खांब उभे आहेत.

दुसरं उदाहरण पुणे विद्यापीठाचं. त्याची मुख्य इमारत कुणासाठी बांधली होती, ठाऊक आहे? मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरसाहेबांना पावसाळ्यात राहायला! १८६४ साली बांधकाम सुरू झालं आणि १८७१ साली संपलं. तेव्हा तिथल्या फाटकातून साध्या माणसाला आत पाऊल टाकणंही कठीण होतं. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि शेतकऱ्यांची, कामगारांची मुलं त्याच आवारात शिकू लागली. इमारत तीच राहिली, मालकी मात्र सगळ्यांची झाली.

पण प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीनं एकदा तरी जाऊन पाहावा, असा तो वाडा. पण तिथं स्मारक कसं करायचं, आतल्या दुकानांचं काय करायचं, यावर वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. तोवर वाडा खचत राहिला. शेवटी निकाल लागला आणि २०२३च्या डिसेंबरात वाडा पाडला गेला. जागा स्मारकाला मिळाली, पण ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाढे ऐकले, त्या भिंती काही आता परत येणार नाहीत.

तुमच्यातला एखादा चौकस दोस्त विचारील, "जुनं पाडून नवं बांधलं तर बिघडलं कुठं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भट्टीत सापडेल. सिमेंट तयार करायला चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. एक टन सिमेंट झालं, की अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विटा भाजायला कोळसा लागतो, पोलादाला तर विचारूच नका. जुन्या वाड्यासाठी जी माती खणली, जे सागवान तोडलं, जी माणसं राबली, तो खर्च केव्हाच होऊन गेलाय. वाडा पाडला, की ते सगळं वाया जातं आणि नव्या इमारतीसाठी तेवढा सारा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

लॉरी बेकर नावाचे एक वास्तुशिल्पी होते. जन्मानं इंग्रज, पण आयुष्य घालवलं भारतात, त्यातही पुष्कळसं केरळात. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खिडक्या, जुनी कौलं ते नव्या घरात हौसेनं वापरत. घराचं सामान जवळच्या पाच मैलांतून मिळावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. चऱ्होलीभोवती आठ किलोमीटरचं एक वर्तुळ नकाशावर काढून पाहा, आत काय काय येतं ते!

अर्थात, प्रत्येक जुनं घर वाचवता येतंच असं नाही हं. भिंत धोक्याची झाली असेल, तर तिच्याखाली कुणाला बसवायचं नाही. आधी जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यायचं. शिवाय मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नाही. त्यानं आतली ओल आतच कोंडते आणि भिंत लवकर खराब होते. तिथं माती नाही तर चुनाच हवा. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे एका वाड्याच्या पंधरा-वीस वारसदारांना एका ओसरीवर बसवणं! कौलं बसवण्यापेक्षा ते कठीण.

पण ते जमलं, तर काय होईल? माजघरात अभ्यासिका, ओसरीवर बचत गटाची बैठक, चौकात संध्याकाळी गोष्टी सांगणारी आजी. नव्या इमारतींत राहायला आलेली मुलं आणि गावातली जुनी मुलं एकमेकांची नावंही जाणत नाहीत. त्यांना भेटायला उंबरठा कुठला? तो या वाड्याचा होऊ शकतो.

या आठवड्याचं काम लिहून घ्या. तुमच्या गावातली किंवा पेठेतली एक बंद इमारत निवडा. आत मात्र जायचं नाही, बाहेरूनच पाहायची! तिथं पूर्वी काय चालायचं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. कौलं शाबूत आहेत का ते पाहा. आणि वहीत एकच वाक्य लिहा : ही इमारत उघडली, तर आमच्या गावाला तिचा उपयोग कशासाठी होईल?

मग ते वाक्य घरी मोठ्यानं वाचून दाखवा. कुलपाची किल्ली बहुतेक वेळा मोठ्यांकडेच असते, नाही का?