‘शाळा’ ही केवळ कोवळी प्रेमकथा नव्हे

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यावर नाटक आले, चित्रपटही आला. तेव्हापासून तिच्याविषयी एकच सूर ऐकू येतो : नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम आणि सरलेल्या दिवसांची गोड आठवण. किशोरवयाच्या कादंबरीत प्रतीके कसली शोधता, असा प्रश्न जाणते वाचकही विचारतात. या मताला आमचा स्पष्ट विरोध आहे.

कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात अवघ्या देशालाच शाळेचे रूप आले होते. शिस्त हा परवलीचा शब्द झाला, मौन हा सद्गुण ठरला आणि उलट प्रश्न विचारणाऱ्यांची रवानगी वर्गाबाहेर नव्हे, थेट तुरुंगात झाली. अशा काळाच्या कथेला लेखक ‘शाळा’ हे नाव देतो, ते केवळ स्थळ कळावे म्हणून काय?

मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र जमतात ती इमारत पाहा. तिचे बांधकाम अर्धवट आहे. घर आणि शाळा दोन्ही नियमांनी पूर्ण बांधलेली. इथे मात्र अद्याप कुणाचीच सत्ता नाही, म्हणून इथेच मोकळे बोलता येते. आणि ती मुलगी? मुकुंदाच्या मनातही ती ‘शिरोडकर’च राहते. अगदी खाजगी भावनासुद्धा हजेरीपटावरच्या आडनावाने ओळखली जाते! संस्था माणसाच्या मनात किती खोल शिरते, हे सांगायला याहून वेगळे भाष्य कशाला हवे?

दुसऱ्या टोकाची मंडळीही आम्हांस मान्य नाहीत. इमारत म्हणजे अमुक, शाळा म्हणजे तमुक, अशी कोष्टके मांडून परीक्षेत गुण मिळतील, कादंबरी मिळणार नाही. इमारत आधी खरीखुरी इमारत आहे, शिरोडकर आधी हाडामांसाची मुलगी आहे. म्हणूनच ती गाव सोडून जाते तेव्हा वाचकाला चटका बसतो आणि अर्थ त्यामागून येतो.

इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेळगाव येथील आपल्या घरांत नातवंडे मराठी पुस्तक क्वचितच आपणहून उचलतात. ‘शाळा’तली बोली त्यांना आपलीशी वाटते. मग हे पुस्तक त्यांच्या हाती निव्वळ गोड खाऊ म्हणून ठेवायचे? त्या काळात आमची पिढी शाळेच्या बाकांवर होती. पुढे सरकारी सेवेत आम्ही अनुभवले, की भीतीला आरडाओरडा करावा लागत नाही. ती परिपत्रकात असते, मस्टरवर असते आणि घरी आल्यावर ‘जरा हळू बोला’ या शब्दांतही असते.

तेव्हा मोठी माणसे हळू का बोलत होती, हे एखाद्या नातवाने विचारले पाहिजे, आणि आपण त्याला उत्तर दिले पाहिजे. ‘शाळा’ नुसती प्रेमकथा म्हणून वाचली, तर त्याला हा प्रश्न पडणारच नाही. आमचा विरोध आहे तो एवढ्याचसाठी.