करून पाहा : काळ्या गाडीची पाटी



आज आपण खेळणं बनवणार नाही की भिंगातून कागदही पेटवणार नाही. आज आपण गाडी धुणार आहोत. तुम्ही म्हणाल, “हात्तिच्या! त्यात काय शिकायचं? पाइप लावला, साबण फासला, झालं!” मीसुद्धा अगदी असंच म्हणत होतो. मग काय झालं, ते ऐका.

१९९१ सालचा दसरा. आम्ही तेव्हा हदगावला राहत होतो. नांदेडहून उमरखेडकडे जाताना लागतं ना, तेच हदगाव. अण्णांनी पै-पै जमवून मोटारसायकल घेतली होती. काळी कुळकुळीत! टाकीत तोंड पाहून भांग पाडावा, अशी. शेताच्या वाटेनं ती रोज काळ्या मातीनं भरून यायची. खंडेनवमीला सकाळीच मी ठरवलं, अण्णा उठायच्या आत गाडी लख्ख करायची. नारळाची शेंडी घेतली, कपडे धुवायची पावडर घेतली आणि वाळलेला चिखल घसाघसा घासला. पाणी ओतलं. गाडी चमकली! मी खूश.

ऊन वर आलं आणि माझं तोंड उतरलं. टाकीवर पांढऱ्या रेघांचं जाळं! जणू कोळ्यानं रात्रभर तिथंच घर केलं होतं. अण्णा आले. टाकीवरून हात फिरवला. “काय करून ठेवलास रे हे?” एवढंच म्हणाले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुपारी मी गुपचूप रंगकाम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी टाकीवर नख फिरवलं आणि विचारलं, “बेटा, पाटीवर खडूनं लिहितोस ना? मग भिंतीवर का नाही लिहीत?”

मला काही कळेना. तुम्हाला कळलं का? पांढऱ्या भिंतीवर खडूची रेघ दिसतच नाही. काळ्या पाटीवर मात्र केसाएवढी रेघही उठून दिसते. काळ्या गाडीचं तसंच आहे. गुळगुळीत काळा रंग बहुतेक प्रकाश गिळून टाकतो आणि उरलेला आरशासारखा एकाच दिशेनं परत पाठवतो. पण चरा पडला, की त्याच्या कडांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. पांढऱ्या गाडीलाही चरे पडतातच, फक्त ते लपून राहतात!

आणखी एक गंमत. उन्हात हे चरे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल दिसतात. खरं तर ते वेडेवाकडे सगळीकडेच असतात. पण ज्यांची दिशा जुळते, त्यांच्यावरूनच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. डोकं हलवून पाहा, जाळंही तुमच्याबरोबर सरकेल.

मग हे चरे पाडतो कोण? धूळ! धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे बारीक कण असतात. गार काचेवरही ओरखडा काढते, मग रंगाची काय कथा? आजकालच्या मोटारीवर अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर असे थर असतात. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! म्हणून कोरड्या फडक्यानं धूळ पुसणं म्हणजे रंगाला पॉलिश पेपर लावणंच.

आता चाचांनी शिकवलेली रीत. आईबाबांना विचारूनच करायची बरं का! मोठं माणूस जवळ हवं, गाडी बंद आणि स्टँडवर हवी. चाक फिरवत साखळी पुसायची नाही, बोट अडकतं.

१) वेळ सकाळची किंवा दिवे लागणीची, जागा सावलीची. इंजिन आणि सायलेन्सर पुरते गार होऊ द्या. तापलेल्या रंगावर साबण लगेच वाळतो आणि डाग धरतो.

२) आधी हात लावायचा नाही. लोट्यानं वरून हळूहळू पाणी सोडा आणि पाच मिनिटं थांबा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, मऊ होते. पुन्हा पाणी सोडा, ती आपोआप सुटेल.

३) बादल्या दोन. एकीत पाणी आणि चमचाभर गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मऊ सुती कापड घ्या, जुनी बनियन झकास! बटण, चेन नको. एक हात फिरवला, की कापड साध्या पाण्यात खळबळा, मगच पुन्हा साबणात बुडवा. वरून खाली या. टाकी आधी, मडगार्ड शेवटी. चाकांचं फडकं वेगळं.

४) स्वच्छ पाणी सोडा आणि लगेच मऊ कापडानं टिपून घ्या. बोअरचं पाणी जड असतं. थेंब वाळला, की पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार पांढरा ठिपका होऊन बसतो. घरातल्या माठाच्या बुडाशी पाहा, तोच क्षार!

५) दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीचं मेण अगदी पातळ लावून पुसा. अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा घरंगळतो ना? पानावर मेणाचा थर असतो. गाडीवरही तेच होतं. पण सीट, टायर, ब्रेक यांना मेण मुळीच नको. माणूस घसरेल!

पक्ष्याची शीट पडली, तर खरवडू नका. ओलं फडकं थोडा वेळ ठेवा आणि अलगद उचला. आज-उद्या करू नका, तापलेल्या रंगावर शीट कायमचा डाग पाडते. काही जण रॉकेल, डिझेलनं गाडी पुसतात. घटकाभर चमक येते, मग त्याच तेलकटपणावर धूळ चिकटते. शिवाय आगीची भीती. नकोच ते!

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पाइपखाली बादली किती वेळात भरते, ते मुलांना घड्याळ लावून मोजायला सांगा. मग पाइप चालू ठेवून गाडी धुतली तर किती बादल्या जातील, याचं गणित घाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या मराठवाड्यात दोन बादल्यांत गाडी धुता येणं हाही एक धडाच आहे. आणि टंचाईत गाडी मळकी राहिली, तरी बिघडत नाही. फक्त तिला कोरडं पुसू नका.

माझ्या टाकीचं काय झालं? चाचांनी पॉलिश लावून बारीक चरे घालवले. जिथं नख अडकत होतं, ते तसेच राहिले. पॉलिश म्हणजे रंगाचाच पातळ थर खरवडणं, ते सारखं करता येत नाही. पुढच्या रविवारी मी दोन बादल्या भरून ठेवल्या. अण्णा पायरीवर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “आता जमायलंय तुला.” आणि फडकं घेऊन माझ्याशेजारी उकिडवे बसले.

जाता जाता एक कोडं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. अंग काळं, टप पिवळं. दुपारच्या उन्हात जास्त तापेल ते काळं दार, की पिवळा टप? नुसतं उत्तर नको! दोन सारखे डबे घ्या, एकाला काळा कागद गुंडाळा, दुसऱ्याला पिवळा. पाणी भरा, उन्हात शेजारी शेजारी ठेवा आणि तासाभरानं पाहा. काय दिसलं, ते वहीत लिहून ठेवा.

करून पाहा!