काट्याला शिक्का लागतो, मॉइश्चर मीटरचं काय?

सोयाबीनचा हंगाम आला की वाशिम, रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, कुठल्याही मार्केटात जा. ढिगापाशी दोन वस्तू दिसतील. एक काटा आणि दुसरं हातात मावणारं मॉइश्चर मीटर. काट्याकडे आपण डोळ्यात तेल घालून पाहतो, शंभर ग्रॅमसाठी भांडतो. मीटरवर आकडा आला की मात्र गप्प!

आता हिशेब करा. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. १३ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर वाळवला तर साधारण १ किलो १४० ग्रॅम पाणी उडतं, म्हणजे ६० रुपये. १५ टक्क्यांचा असेल तर ३ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे १८० रुपये. पाण्याचं वजन एवढंच. मागच्या हंगामात माझ्या मालाला "ओला हाये भाऊ" म्हणून क्विंटलमागं चारशे रुपये कमी मागितले. त्याच पोत्यातला दाणा मी दुसऱ्या मीटरवर पाहिला, तर आकड्यात दोन टक्क्यांचा फरक. खरं कोणतं मानायचं?

सरकारी केंद्रावर तर अर्ध्या टक्क्यानं अख्खी ट्रॉली परत जाते. जाण्या-येण्याचं भाडं वरून. मग माणूस कंटाळून मिळेल त्या भावात खासगीत टाकून मोकळा होतो.

व्यापाऱ्याचंही ऐकलं पाहिजे. ओला माल थप्पीला लावला की आतून तापतो, बुरशी धरतो, दाणा काळा पडतो. वरून पाहिलं तर ढीग कोरडा ठणठणीत, आत हात घातला की दमट. डोळ्याला न दिसणारा ओलावा पकडायला मीटर पाहिजेच. माझा विरोध मीटरला नाही, न तपासलेल्या मीटरला आहे.

हे यंत्र पाणी थेट मोजत नाही. दाण्याचा विजेला कसा प्रतिसाद मिळतो, त्यावरून ओलाव्याचा अंदाज काढतं. त्यामुळं दाणा उन्हानं तापलेला असला, त्यात काडी-कचरा असला, मीटर दुसऱ्या धान्यावर सेट राहिलं, की आकडा चुकू शकतो. पक्कं उत्तर हवं असेल तर दाणा ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट मोजावी लागते. मीटर त्याच्याशी वेळोवेळी जुळवून घ्यायचं असतं. आपल्या मार्केटातलं मीटर शेवटचं कधी जुळवलं, हे कुणी विचारलं का? काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आपण शोधतो. मीटरवर काय लिहिलंय ते पाहिलं का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्रानं त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. चांगलंच झालं. पण तोवर गरजवंतांनी ४८९२ च्या हमीभावापेक्षा कमी भावात माल विकून टाकला होता. आणि मर्यादा १२ असो की १५, मोजणारं यंत्रच चुकीचं असेल तर सवलत कागदावरच राहते.

म्हणून बाजार समित्यांकडं आणि जिल्हा प्रशासनाकडं माझ्या चार मागण्या:

१. हंगामाआधी प्रत्येक अडत दुकानातलं आणि खरेदी केंद्रावरलं मीटर तपासा, तपासल्याची तारीख त्यावर चिकटवा.
२. ढिगाच्या वरून, मधून, तळातून दाणा घ्या. तीनदा मोजा, सरासरी काढा आणि आकडा पावतीवर लिहा.
३. समितीच्या कार्यालयात एक खात्रीचं मीटर ठेवा. वाद झाला तर तिथं फुकट फेरतपासणी.
४. किती टक्क्याला किती घट, याचा तक्ता मार्केटाच्या फाटकावर लावा.

यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

आपणही एक करू. गावात शेतकरी गट किंवा कंपनी असेल तर मिळून एक मीटर घ्या. ट्रॉली भरायच्या आधी घरीच पाहा. ओला निघाला तर दोन दिवस ऊन द्या, भाड्याचा भुर्दंड वाचेल. बियाण्यासाठी ठेवलेला मालही त्याच मीटरवर बघा. दमट बियाणं पेरणीच्या वेळी दगा देतं.

आणि मार्केटात आकडा सांगितला की एवढंच म्हणा, "भाऊ, पुन्हा एकदा मोजा, माझ्यासमोर." तो आपला हक्क आहे. तुमच्या मार्केटात काय अनुभव आला, खाली लिहा. सगळे आकडे घेऊन आपण समितीकडं जाऊ.