सोरायसिस : वजनाचा भार खिशावरही

नाशिक : थंडी वाढली की अनेक रुग्णांचे सोरायसिसचे चट्टे उफाळतात आणि महागड्या जैविक औषधांचा विषय निघतो. त्यात वजनाचा मुद्दा मात्र मागेच राहतो. इन्फ्लिक्सिमॅबची मात्रा दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम असते. १०० मिलिग्रॅमच्या कुप्या धरल्यास ६० किलोच्या रुग्णाला एका वेळी ३ कुप्या पुरतात. ९० किलोच्या रुग्णासाठी पाचवी फोडावी लागते. ठरावीक मात्रेच्या अनेक औषधांचा गुण स्थूल रुग्णांना तुलनेने कमी येतो. चरबीतून स्रवणारी द्रव्येही दाह वाढवितात. वजन घटल्यास प्रतिसाद सुधारतो, असे अभ्यास सांगतात. त्यामुळे पदरमोड करणाऱ्या कुटुंबांसाठी आहाराचा सल्ला हा उपचाराचाच भाग ठरावा. मात्र, औषध लांबणीवर टाकण्यास वजन हे निमित्त होऊ नये.