यहुदी सूर आणि विश्वसंगीताचें कपाट

यहुदी लोकांच्या परंपरागत चाली जाझच्या ठेक्यावर बसवाव्या काय, त्यांत आफ्रिकेचे ढोल, अरबांचें ऊद आणि आमच्याकडील कव्वाली मिसळावी काय, हा वाद न्यूयॉर्कमध्यें व अन्यत्र गेलीं कित्येक दशकें चालला आहे. वादाचीं दोन्ही टोकें आम्हांस सारखींच नापसंत आहेत, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. एका टोकाला सोंवळें नेसून बसलेले शुद्धतावादी आहेत. त्यांच्या मतें प्रार्थनामंदिरांतील सूर रात्रीच्या मद्यगृहांत नेणें हा निव्वळ भ्रष्टाचार होय. दुसऱ्या टोकाला "सुरांना जात नसते, सर्व संगीत एकच" असें म्हणत कोणत्याहि दोन गोष्टी एका भांड्यांत ढवळणारे उदारमतवादी आहेत. पहिल्यांस इतिहास ठाऊक नाहीं. दुसऱ्यांस तो ठाऊक करून घ्यावयाचा नाहीं. पहिल्यांस उत्तर देणें सोपें असल्यामुळें त्यांचा समाचार आधीं घेऊं.

पूर्व युरोपांतील यहुद्यांच्या लग्नांत वाजणाऱ्या ज्या संगीताला आज 'क्लेझ्मर' म्हणतात, त्याचें नांवच मुळीं वाद्यावरून पडलेलें आहे. 'क्ले' म्हणजे साधनें, 'झेमेर' म्हणजे गाणें. या दोन हिब्रू शब्दांचा जोड होऊन प्रथम वाद्यांना, मग वाजविणाऱ्यांना आणि अगदीं अलीकडे त्या संगीतालाच तें नांव चिकटलें. हे वादक युक्रेन, पोलंड, रुमानिया, बेसारेबिया या मुलखांत हिंडत, जिप्सी वादकांच्या मांडीला मांडी लावून बसत, आणि ख्रिस्ती जमीनदाराच्या मेजवानीलाहि तितक्याच खुशीनें वाजवीत. त्यांचें 'दोयना' हें संथ, ठेक्याचें बंधन नसलेलें आलापवजा वादन मूळचें रुमानियन धनगरांचें. 'बुल्गार' हा नाच बेसारेबियांतला. ज्या स्वरसप्तकाला 'अहावा रब्बा' या प्रार्थनेचें नांव आहे आणि जें कानीं पडतांच श्रोता "हें यहुदी" म्हणून ओळखतो, तेंच अरबांच्या घरीं 'हिजाज' म्हणून नांदतें. आमचा वाचक पेटीवर कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत व कोमल निषाद असे स्वर क्रमानें दाबून पाहील तर त्याला वसंतमुखारीची आठवण होईल. आतां यांतून शुद्ध यहुदी तेवढें वेगळें काढून दाखवा, असें आम्ही या मंडळींस विनवितों.

हें लग्नाचें झालें, प्रार्थनेचें काय, असें ते विचारतील. अठराव्या शतकांत उदयास आलेल्या हसीदी पंथाचे गुरु तर उसनवारींत सर्वांच्या पुढें! या पंथाची समजूत अशी कीं, पवित्र ठिणग्या जगांत सर्वत्र, अगदीं हलक्या मानलेल्या वस्तूंतहि, अडकून पडलेल्या आहेत आणि त्या सोडविणें हें भक्ताचें काम. हंगेरींतील एका प्रसिद्ध हसीदी गुरूनें मेंढपाळाचें गाणें त्याला पैसे देऊन विकत घेतलें व तें आपल्या उपासनेंत आणलें, अशी आख्यायिका आहे. सौदा होतांच मेंढपाळ तें गाणें साफ विसरला, असेंहि तींत पुढें आहे. हबाद शाखेची गोष्ट याहून मौजेची. वर्षांतील परमपवित्र अशा योम किप्पूरच्या उपासाच्या अखेरीस, शिंगाचा शेवटचा निनाद होण्यापूर्वीं, हे लोक जी चाल मोठ्या आवेशानें गातात तिला ते 'नेपोलियनची कूच' म्हणतात, आणि ती १८१२ सालीं त्याच्या फौजेकडून घेतली असें अभिमानानें सांगतात. शाखेचा संस्थापक तर नेपोलियनचा कट्टर विरोधक होता! शत्रूच्या फौजेची चाल ज्यांना उपासाच्या दिवशीं चालली, त्यांच्या नांवानें सॅक्सोफोनला विटाळ मानावयाचा, हें धाडस आमच्यानें होत नाहीं.

असो. शुद्धतावाद्यांचा प्रश्न येथें संपला. उदारमतवाद्यांचा इतक्या सहज संपणारा नाहीं, कारण त्यांच्या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे.

चाल उसनी होती हें खरें. ती वाजविण्याची रीत मात्र घरची होती. जुन्या लग्नांत मांडवाखालीं जाण्यापूर्वीं वधूला खुर्चीवर बसवीत. 'बदखन' नांवाचा, विदूषक आणि शीघ्रकवि अशा दुहेरी भूमिकेंतला मनुष्य यमकें जुळवीत तिला सांगे कीं, तुझें बाळपण आज सरलें. मेलेल्या वडीलधाऱ्यांची तो आठवण काढी, आणि बायका रडूं लागत. त्या रडण्याला व्हायोलिनची साथ असे. हुंदका गळ्यांत अडकावा तसा स्वर मध्येंच तोडण्याची जी लकब या वादकांनीं साधली, तिला यिडिश भाषेंत 'क्रेख्त्स' म्हणजे कण्हणें असें नांव आहे. स्वरलिपींत ती उतरत नाहीं. ती चुकली तर सांगणारे मात्र तेथेंच बसलेले असत: वधूची आजी, दूरचे सोयरे, दहा गांवचीं लग्नें पाहिलेला एखादा न्हावी. आमच्याकडे समोरच्या जाणत्याची मान हलेपर्यंत गवयाला चैन पडत नाहीं, तसाच हा प्रकार. नवा सूर आंत घ्यावयाचा कीं दारांतून परत पाठवावयाचा, हें हे श्रोते ठरवीत. त्यांच्या पहाऱ्यांत शेंकडों वर्षें मिश्रण चाललें आणि तरीहि चाल यहुदीच राहिली.

लाखों यहुदी अमेरिकेस गेले तेव्हां हे श्रोतेहि कांहीं काळ त्यांच्याबरोबर होते, म्हणून तेथील पहिल्या मिश्रणांत डावें-उजवें करतां येतें. शोलोम सेकुंडा यानें १९३२ सालीं एका यिडिश संगीत नाटकासाठीं 'बाय मिर बिस्तु शेन' या गाण्याला चाल दिली. १९३७ सालीं त्याचे हक्क ३० डॉलरांस विकले गेले, आणि त्या ३० डॉलरांतहि गीतकाराचा वांटा होता. त्याच वर्षीं अँड्र्यूज भगिनींनीं इंग्रजी शब्दांचा साज चढवून तें गाइलें आणि साऱ्या अमेरिकेच्या तोंडीं केलें. हक्क सेकुंडाकडे परत आले ते १९६१ सालीं! ही कहाणी सांगतांना लोक पैशासाठीं हळहळतात. आम्हांस हळहळ वाटते ती वेगळी. त्या तबकडींत चाल शाबूत आहे, मुखड्याचे यिडिश शब्दहि आहेत; कण्हणें तेवढें गेलें आहे. मालकाला फसविल्याचें दुःख न्यायालयांत सांगतां येतें, याचें कोठें सांगावयाचें?

याच्या शेजारीं बेनी गुडमनच्या ताफ्याची १९३९ सालची 'अँड दि एंजल्स सिंग' ही तबकडी ठेवून पाहावी. गाणें गोड, पण चारचौघांसारखें. मध्येंच झिगी एल्मन ट्रंपेट उचलतो आणि थोडा वेळ अमेरिकेच्या नाचघरांत बेसारेबियांतलें लग्न लागतें. एल्मननें ही चाल आदल्या वर्षीं 'फ्रेलाख इन स्विंग' या नांवानें स्वतः मुद्रित केली होती. तिचें मूळ एका जुन्या बुल्गारांत आहे. जाझ त्याला येत होतें आणि लग्नहि येत होतें. दोन भाषा बोलणारा मनुष्य एकींतून दुसरींत जातो तसा तो जातो, अडखळत नाहीं.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं साठ लाख यहुदी मारले. त्या संहारांत वाजविणारे गेले, आणि त्यांची चूक दाखविणारेहि गेले. जें उरलें होतें तें टिपून ठेवणारा कीव्हचा संशोधक मोइसेइ बेरेगोव्हस्की याला १९५० सालीं सोव्हिएट सरकारनें अटक करून छावणींत धाडलें. तो १९५५ सालीं सुटला. त्याच्या व त्याच्या पूर्वीच्या संग्राहकांच्या मेणाच्या नळ्या कीव्हच्या ग्रंथालयांत आहेत आणि २००५ सालीं युनेस्कोनें त्यांची जागतिक स्मृतिसंग्रहांत नोंद केली. नळींत सूर राहतो. मान हलविणारा श्रोता नळींत राहत नाहीं. युद्धापूर्वीं क्राकोव्ह शहरांत सुमारें साठ हजार यहुदी होते. आज त्यांच्याच जुन्या वस्तींत यहुदी संस्कृतीचा महोत्सव भरतो. तो १९८८ पासून चालू आहे, आणि त्यांत उत्तमोत्तम वादक येतात. टाळ्या वाजविणारे बहुतेक यहुदी नव्हेत. त्या टाळ्या मनापासून पडतात, आम्ही त्यांची थट्टा करीत नाहीं. पण वादकाला पहाऱ्यांत ठेवण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं.

आणि अशा वेळीं उदारमतवादी येऊन सांगतात कीं सर्व संगीत एकच! हें 'विश्वसंगीत' नांव कोठून आलें तें पाहा. १९८७ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या एका मद्यगृहांत ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यांतली मंडळी जमली. परदेशी तबकड्या कोणत्या फळीवर मांडाव्या हें दुकानदारांस कळत नव्हतें; म्हणून त्यांनीं एक नांव ठरविलें आणि कपाटावर चिठ्ठी लावली. ज्ञानदेवांनीं विश्व शब्द कोणत्या अर्थीं उच्चारला आणि या दुकानदारांनीं कोणत्या! कपाटांत जें जें शेजारीं पडलें तें तें मिसळावें, एवढेंच या पंथाचें तत्त्वज्ञान आहे. ठेका कुठला तरी, त्यावर रिषभ-गंधारांतलें तें ओळखीचें अंतर दोनदां घ्यावयाचें, झालें यहुदी संगीत. जॉन झॉर्नसारख्या समर्थ वादकाच्या 'मसादा' चौकडींतहि आम्हांला कधीं कधीं सप्तकावरच सारा भार पडल्यासारखा वाटतो. मात्र त्या चौघांचें जाझ इतकें कसलेलें आहे कीं तक्रार करतांना ओशाळल्यासारखें होतें. २०१५ सालीं जोधपूरच्या मेहरानगढांत मुद्रित झालेलें शाय बेन त्सूर याचें 'जुनून' आम्हांस आवडलें. पण तें यहुदी सुरांचें मिश्रण म्हणून मिरवूं नये. तेथें पुष्कळ शब्द हिब्रू आहेत, चालीची चाकरी कव्वालीची आहे; आणि ती चाकरी त्यानें अनेक वर्षें भारतांत राहून केली आहे, म्हणूनच तें काम खरें उतरलें.

हीच चाकरी आम्ही मागतों. रक्ताची अट आम्ही घालीत नाहीं. डॉन बायरन हा कृष्णवर्णी अमेरिकन क्लॅरिनेटवादक बॉस्टनच्या क्लेझ्मर वाद्यवृंदांत राहून ही विद्या शिकला आणि १९९३ सालीं त्यानें मिकी कॅट्झ या विनोदी यिडिश कलावंताच्या संगीताची संबंध तबकडी काढली. पुष्कळ यहुदी वादकांस न साधलेलें कण्हणें त्या तबकडींत आहे, आणि हांसणेंहि आहे. अँडी स्टॅटमन जाझचें नवें वारें प्यालेला. पण तो म्हाताऱ्या डेव्ह टारसपुढें शिष्य म्हणून बसला. टारस युक्रेनमध्यें वाढलेला, अस्सल लग्नांतला क्लॅरिनेटवाला. त्याला "असें नव्हे" म्हणण्याचा अधिकार होता, आणि स्टॅटमनला तो मान्य होता.

आमच्या कोंकणच्या बेने इस्राएलांचेंहि असेंच आहे. हिब्रू प्रार्थनेची रीत त्यांनीं कोचीनच्या व बगदादच्या यहुद्यांपासून घेतली, आणि १८८० च्या सुमारास मुंबईंत अब्राहाम व योसेफ यांच्या कथा ते मराठी कीर्तनाच्या पद्धतीनें पद्यांत रंगवूं लागले. समोर बसलेल्यांस बायबलची कथा ठाऊक होती आणि कीर्तनहि ठाऊक होतें. दोहोंपैकीं कशांतहि फसवणूक चालली नसती. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तेथें वाढलेल्या नातवंडांपैकीं पुष्कळांस मराठी येत नाहीं. उद्यां कोणी हौशी तरुण या पदांवर जाझचा ठेका धरील, आणि धरणारच. आम्ही आडवे येणार नाहीं. फक्त त्यानें आधीं लोद किंवा अश्दोद येथें राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईसमोर बसून तें पद विनासाज म्हणून दाखवावें. "असें नव्हे रे बाळा," असें ती म्हणाली, तर पुन्हां म्हणावें.